चंदा कुणावर गेली

देवानं माणसं घडवताना नाकं, कान आणि हनुवट्या मोजक्याच केल्या आणि त्याच फिरवून फिरवून वापरल्या, यावर माझ्या आक्काच्या सासूबाईंइतका ठाम विश्वास असलेली बाई या पृथ्वीवर दुसरी झाली नसेल. कुणासारखं तरी दिसल्याशिवाय कुणी जन्मालाच येत नाही, असं त्यांचं म्हणणं. माणसाचं सोडाच, भोसरीला नवीन कारखाना उभा राहिला की त्या रस्त्याच्या कडेला थांबून त्याच्याकडं बघायच्या आणि सांगायच्या, "ह्यो त्या पलीकडच्यावर गेलाय, पर कपाळ मोठं हाय." आळंदीच्या गाडीला एकदा त्यांनी हात केला आणि ती थांबली तरी चढल्या नाहीत, कारण ती समोरून त्यांच्या धाकट्या नणंदेसारखी दिसत होती.

त्यांची आणि आमची गाठ पडली ती दोन्ही घरांच्या पडत्या काळात. माझे वडील चाकणच्या कांद्याच्या बाजारात हमाल होते. पाठीवर पोत्यांचा घट्टा कायमचा उमटलेला. हंगाम सरला की घरातली चूल एक वेळच पेटायची, आणि आई बाजारात सांडलेले, कुणी न उचललेले कांदे वेचून आणून त्यावर दिवस काढायची. आक्काला चौथीतून काढली ती धाकट्यांना सांभाळायला. त्या धाकट्यांत मी. मी पुढं बी.ए. झाले, आमच्या घराण्यातली पहिली, आणि चिंचवडला शाळेत शिक्षिका म्हणून लागले. हे मी कुठं लपवत नाही. उलट विषय निघाला नाही तर मीच काढते. पण माझ्या पदवीच्या पायात आक्काची चौथी चिणलेली आहे, हेही त्याच दमात सांगते.

आक्काला दिली ती भोसरीच्या पलीकडं, इंद्रायणीच्या अंगाला असलेल्या एका गावात. सोयरीक जमवताना जमीन आहे असं सांगितलेलं. होती, खोटं नव्हतं. पण लग्नाची हळद उतरेपर्यंत चांगली तेवढी कारखान्यांच्या वसाहतीत गेली आणि राहिली ती खडकाळ. सासरे कधीच वारलेले. सासूबाईंनी दोन म्हशींवर संसार ओढलेला. उजाडायच्या आत डोक्यावर चरव्या घेऊन दिघीच्या लष्करी क्वार्टरांत दूध घालायला निघायच्या आणि चढउतार तुडवत ऊन व्हायच्या आत परत यायच्या. हे सगळं एका अधू खुब्यावर. आक्काचं लग्न व्हायच्या आधीच केव्हातरी एका म्हशीनं त्यांना गोठ्याच्या दाराशी दाबलं होतं. दवाखान्यात त्या गेल्या नाहीत, कारण म्हैस गाभण होती आणि तिच्याजवळ थांबायला कुणी नव्हतं. म्हशीवर राग मात्र कधी धरला नाही. "त्या बाईची चूक न्हाई, मीच मधी आले," म्हणायच्या. दोन्ही म्हशींना त्या अहोजाहो करायच्या. पोटच्या मुलाला अरेतुरे. खुबा गेल्यापासून त्यांचं चालणं उजव्या अंगाला कललं ते कललंच. एक चाक चाकोरीत आणि एक बांधावर असलेली बैलगाडी जशी येते तशा त्या यायच्या. लांबून, धुळीतूनसुद्धा, मावशी आल्या हे कळायचं. मी त्यांना मावशी म्हणायची.

मावशींच्या घरात घड्याळ नव्हतं. कंपन्या आल्या आणि त्यांचे भोंगे आले, तशी मावशींनी आपली सगळी दिनचर्या भोंग्यांना बांधून टाकली. एका भोंग्याला धारा, एकाला जेवण, एकाला म्हशींना पाणी. भोंगा त्यांच्या मते उशिरा झाला तर त्या अंगणात येऊन कंपनीच्या दिशेला तोंड करून तिला बोल लावायच्या. एकदा त्या कंपनीत संप झाला. दुपारचा भोंगा झालाच नाही. आक्कानं ताट वाढलं, तर मावशी ताटाकडं बघत बसून राहिल्या. आक्का म्हणाली, अहो, ऊन कलंडलं. मावशी म्हणाल्या, "ऊन कंपनीला इचारून कलंडतं का? भोंगा हुंदे." संध्याकाळी आक्काचे यजमान, आमचे दाजी, घरी आले, तेव्हा त्यांनी गोठ्यामागं जाऊन तोंडानं भोंगा वाजवला आणि मग त्या जेवल्या. कुणी वाजवला हे त्यांना कळलं होतं, असं माझं मत आहे.

पण पंचक्रोशीत त्यांचं नाव होतं ते बारशांमुळं. बाळ कुणावर गेलं, हा निकाल मावशींनी दिल्याशिवाय त्या गावात बारसं पुरं व्हायचं नाही. बोलावणं असो नसो, त्या जायच्या. बायका पाळण्याभोवती बसलेल्या असायच्या, बाळ हातोहात फिरत फिरत मावशींपर्यंत यायचं, आणि एकदम शांतता पसरायची. मावशी बाळ मांडीवर आडवं घेणार, एका बोटानं कान वळवून बघणार, हनुवटी उचलणार, तळपाय न्याहाळणार आणि मग एकेक अवयव ज्याचा त्याला वाटून टाकणार. नाक आजोबाचं, भुवया चुलत्याच्या, पायाची बोटं मामाची. निकालावर अपील नसे. एकदा तर एका बाळाचे कान गावच्या टपालवाल्याचे आहेत, असं त्या बोलून बसल्या. घरात भांडणाला सुरुवात झाली तशी मावशींनी पुन्हा बाळाचा कान वळवून बघितला आणि निकाल पुढं वाढवला: हे कान मुळात बाळाच्या पणज्याचे, म्हणजे टपालवालाच त्या पणज्याच्या वंशातला निघतो, तेव्हा त्याला भाऊबंद समजून दिवाळीला जेवायला बोलवावं. आणि खरंच, त्या घरचे टपालवाल्याला दरसाल जेवायला बोलवायला लागले.

पुढं मावशींनी परसात चार खोल्या काढून कामगारांना भाड्यानं दिल्या. एका खोलीत केरळकडचा फिटर राहायला आला. त्याच्या बायकोला मराठीचं अक्षर कळत नव्हतं. तिला मूल झालं तेव्हा मावशी कललेल्या चालीनं आत गेल्या, बाळाला बघितलं आणि खुणेनं, स्वतःच्या भिंतीवरच्या तसबिरीकडं बोट दाखवून, डोळे आपल्या सासऱ्यांचे आहेत असं त्या बाईला पटवून आल्या. ती बाई घळाघळा रडली. इतक्या लांब येऊन कुणीतरी तिच्या लेकराला आपल्यात धरलं होतं. त्यानंतर ती तसबिरीला रोज नमस्कार करायची. मला तेव्हा हे सगळं अडाणीपणाचं वाटायचं. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते, आणि दुसऱ्या वर्षाला माणसाला पुष्कळ गोष्टी अडाणीपणाच्या वाटतात.

आक्काला पहिली मुलगी झाली ती चाकणला, आमच्या घरी. मूल झालं आणि आई घरभर मांजर शोधायला लागली. कणगीमागं बघितलं, बाजेखाली केरसुणी फिरवली. बारीक, चिरकं, भुकेल्या पिल्लासारखं म्याँव म्याँव कुठून येतंय कळेना. मग सुईणीनं आईचा हात धरला आणि दुपट्याकडं बोट केलं. बाळच तसं रडत होतं.

मुलगी मूठभर होती. डोकं लहान, चेहरा मात्र वाटोळा चंद्रासारखा. डोळे एकमेकांपासून लांब, कान जरा खाली सरकल्यासारखे, हनुवटी आत गेलेली. तळहातावर आडवी एकच रेघ. अंग कापसाच्या पेळूसारखं ढिलं. अंगावरचं दूध ओढायची तिच्यात ताकद नव्हती. शेजारच्या बायका बघायला येत, बघत, आणि काहीच न बोलता चहा पिऊन जात. आमच्याकडं बाळ बघून न बोलणं याचा अर्थ काय होतो, ते आम्हाला सगळ्यांना माहीत होतं.

बाराव्या दिवशी मावशी आल्या, आणि त्यांच्याबरोबर दाजींची चुलती आली. तिला सगळे काकी म्हणत. काकी दुष्ट नव्हती. तिला फक्त प्रत्येक घराचा कारभार तिथल्या माणसांपेक्षा आपल्याला जास्त कळतो असं वाटायचं. मांजराच्या रडण्याची बातमी चाकणहून गाडीनं त्यांच्या गावाला आधीच पोचली होती आणि काकी तयारीनं आली होती. आल्या आल्या तिनं आईला स्वयंपाकघरात गाठून सांगितलं की असलं आमच्या भावकीत आजवर झालेलं नाही, हे बाळाच्या आईच्या रक्तातून आलं. पोरीला आणि बाळाला हितंच राहू द्या, दाजींचं पुढं बघता येईल. आई चुलीपुढून उठलीच नाही. आक्का आतल्या खोलीत होती, पण भिंती पातळ होत्या.

बाळ हातोहात फिरलं. त्या दिवशी भराभर फिरलं, कुणाच्या मांडीवर टिकेना. मावशींनी घेतलं. बोटानं कान वळवला. हनुवटी उचलली. तळहात उघडून बघितला. बाळ त्या पिल्लाच्या आवाजात रडायला लागलं.  निकाल द्यायला मावशींना कधी एवढा वेळ लागला नव्हता. त्यांच्या सगळ्या वतनातलं एकही नाक, एकही कान त्या चेहऱ्याला लागू पडत नव्हता. ते मला दिसत होतं, काकीला दिसत होतं आणि दाराच्या फटीतून आक्काला दिसत होतं.

मग मावशींनी घसा साफ केला. "कान माझ्या थोरल्या भावाचे," त्या म्हणाल्या. "हनुवटी माझ्या आईची. हाताची रेघ आमच्या आज्याची, त्याला बी येकच होती. आन् रडनं आमच्या चुलतीचं. तिला आख्खा गाव मनी म्हनायचा."

काकीनं विचारलं, "आन् डोळं?"

"डोळं माझं."

मावशींचे डोळे नाकाला दोन्हीकडून चिकटलेले होते. काकीनं त्यांच्याकडं बघितलं, बाळाकडं बघितलं, पुन्हा त्यांच्याकडं बघितलं. मावशींनी डोळे जमतील तेवढे लांब नेले. "पोरगी समदी माझ्याकडची हाय," त्या म्हणाल्या. "सुनंला काय बोलायचं आसंल त्ये आदी मला बोला." ज्यांची नावं घेतली ती सगळी माणसं कधीच वारलेली, आणि निकालावर अपील नव्हतं. मुलीचं नाव चंदा ठेवलं. सव्वा महिन्यानं मावशी स्वतः येऊन दोघींना घेऊन गेल्या. गाडीत चंदाला मांडीवर घेऊन बसल्या आणि जो कुणी वळून बघेल त्याला आपल्या थोरल्या भावाच्या कानांची हकिकत सांगत गेल्या.

पुढची तीन-चार वर्षं मावशींनी आपल्या माहेरात मोठीच भर घातली. चंदा वर्षाची होऊनही मान धरेना, तर मावशींची एक मावसबहीण तशीच निघाली. दात उशिरा आले, तर ते एका मामाचे. बोंडल्यानं एक एक थेंब दूध पाजताना चंदाला ठसका लागायचा, तर तोही कुणा आत्याकडून आलेला. मावशींचं माहेर जुन्नरकडं होतं, चार घरांची वाडी. काकी एकदा मला म्हणाली की एवढी माणसं त्या वाडीत निजत होती कुठं. पण उघडपणे तिला काही म्हणता येईना. ती मग दाजींकडं वळली. दुसरी करा, पहिलीला कोण हाकलतंय, राहू दे एका बाजूला. दाजी भोसरीच्या एका कंपनीत लेथवर होते आणि स्वभावानं फार गरीब. घरात कसलाही कठीण विषय निघाला की ते ओव्हरटाइमला जायचे. त्या वर्षांत त्यांनी इतका ओव्हरटाइम केला की कंपनीनं त्यांचा सत्कार केला.

आमच्या शाळेतल्या एका बाईंकडून मला कळलं की पुण्यात एका मोठ्या इस्पितळात एक डॉक्टरीणबाई आहेत, त्या असल्याच मुलांचा अभ्यास करून आल्यात. मी ठरवलं की न्यायचं. मावशी लगेच तयार झाल्या. काकीला कळलं, तर तिला नेमका त्याच दिवशी पुण्याला चष्मा करायचा होता. दाजींना ओव्हरटाइम होता. आणि एक गोष्ट तेव्हा फक्त आक्का, मावशी आणि मी अशा तिघींनाच माहीत होती: आक्काला पुन्हा दिवस गेले होते.

डॉक्टरीणबाई बारीक अंगाच्या, चष्म्याच्या, हळू बोलणाऱ्या. आम्ही आत गेलो आणि चंदा रडली. डॉक्टरीणबाई लिहीत होत्या, त्यांनी मान वर केली आणि तशाच ऐकत राहिल्या. मग उठून आल्या, चंदाला उचललं, कान बघितले, हनुवटी बघितली, तळहात उघडला. मावशी बारशात जसं बघायच्या अगदी तसंच. मावशींना त्या फार आवडल्या. मला कोपरानं ढोसून म्हणाल्या, बाईला समज हाय.

मग त्यांनी विचारलं की असं कुणी घराण्यात पूर्वी झालंय का. काकी माझ्या शेजारी पुढं सरकून बसली. मावशींनी सुरुवात केली. भाऊ, आई, आजा, मनी म्हणायचे ती चुलती, मान न धरणारी मावसबहीण, दातांचे मामा, ठसक्याची आत्या. डॉक्टरीणबाई कागदावर गोल आणि चौकोन काढून रेघांनी जोडत होत्या. कागद पुरेना, तर दुसरा घेतला. त्यांचा चेहरा गंभीर होत चालला होता आणि मावशींना वाटत होतं आपली छाप पडतेय, म्हणून त्या आणखी माणसं आणत होत्या. डॉक्टरीणबाईंनी शेवटी आक्काकडं बघून विचारलं, "तुम्हाला दिवस गेलेत का?" आक्कानं होय म्हणून मान हलवली. काकीच्या तोंडून बारीकसा आवाज आला.

त्यांनी पेन खाली ठेवलं आणि आमच्या मराठीत, आम्हाला कळेल असं सांगितलं. शरीराच्या प्रत्येक कणात गुणसूत्रं असतात, निम्मी आईकडून आलेली, निम्मी बापाकडून. एखाद्याचा तुकडा कमी पडला किंवा जास्तीचा चिकटला, तर मूल असं होतं. रक्त तपासलं की दिसेल, पण त्याला काही आठवडे लागतात. "पण एवढ्या माणसांत हे उतरत आलंय म्हणजे तुमच्या मिस्टरांकडून आलेलं असणार, आणि या मुलालाही धोका फार मोठा आहे. रिपोर्टसाठी थांबायला फार वेळ नाही. हे मूल ठेवायचं का, याचा विचार तुम्हाला आत्ताच करावा लागेल."

 आक्कानं पदराखाली पोटावर हात ठेवला. मी बी.ए. झालेली, आणि चंदाचं झबलं नीट करत बसले.

मावशी खुर्चीचा हात धरून उठल्या. उभ्या राहिल्या तशा उजवीकडं कलल्या.

"बाई, त्ये कागद खोडा," त्या म्हणाल्या.

"का?"

"माझा भाऊ चांगल्या कानाचा हुता. चुलती खणखणीत बोलायची. बाकीची मानसं तर झालीच न्हाईत. आमच्यात आसं कुनीच नव्हतं."

"मग सांगितलंत कशाला?"

मावशींनी एकदा काकीकडं बघितलं. काकी ऐकतेय, उद्या सगळं गाव ऐकणार, हे त्यांना ठाऊक होतं.

"पोरगी कुनासारखीच दिसंना," त्या म्हणाल्या. "कुनाची तरी आसाया नको का?"

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून पुसला. मग दोन्ही कागद फाडून टोपलीत टाकले आणि सगळं पहिल्यापासून पुन्हा विचारलं. या खेपेला मावशींची उत्तरं इतकी छोटी होती की मला त्यांची दया आली. शेवटी त्या म्हणाल्या की मग घाई करू नका, रक्त देऊन जा, नवऱ्याला उद्या पाठवा, आणि रिपोर्ट येईपर्यंत थांबा. दाजींनी आयुष्यात पहिल्यांदा खाडा केला आणि रक्त देऊन आले.

काकीचा चष्मा राहिलाच. ती सरळ गावी गेली. दोन दिवसांत बातमी घरोघर पोचली, आणि एक वेगळाच गोंधळ उडाला, जो काकीच्याही ध्यानात आला नव्हता. मावशी खोटं सांगतात, तर आजवरच्या सगळ्या निकालांचं काय? लोक आपापल्या पोरांना उजेडात नेऊन नाकं तपासायला लागले. एक म्हातारा येऊन विचारून गेला की माझा नातू माझ्यावर गेलाय का नाही ते खरं सांगा, मी त्याच्या नावावर म्हैस केलीय. टपालवाला कसनुसा होऊन दाराशी उभा राहिला: दिवाळीचं जेवण चालू राहणार की नाही? मावशी सगळ्यांना एकच सांगत, मला आता दिसत नाही. त्यांची नजर घारीसारखी होती. पण त्या दिवसापासून त्यांनी कुणाच्याही लेकराचा कान वळवला नाही. बोलावणी आली तरी बारशाला गेल्या नाहीत. आणि घरात काकीचं पुन्हा सुरू झालं: बघा, मी म्हणत होतेच, सासूकडं काही नव्हतं, म्हणजे सुनेकडून आलं. आक्का दिवसभर काम करायची आणि आमच्या घरी निरोपसुद्धा पाठवायची नाही. त्या आठवड्यांत मावशींनी एक केलं. आक्काची गाठोडी ज्या फडताळात असत, त्याच्यापुढं आपली वाकळ टाकली आणि तिथंच बसायला नि निजायला लागल्या. कुणाला ती काढून आक्काला माहेरी धाडायचं असतं, तर आधी मावशींना उठवावं लागलं असतं.

रिपोर्ट आला तेव्हा काकीलाही मुद्दाम नेलं. मावशींचाच आग्रह. डॉक्टरीणबाईंनी फोटो दाखवले. बारीक काळ्या काड्या, जोड्या लावून ओळीनं चिकटवलेल्या. आक्काच्या सगळ्या पुऱ्या. दाजींच्या सगळ्या पुऱ्या. चंदाच्या फोटोत पाचव्या जोडीतल्या एका काडीचं टोक नव्हतं. नखाएवढंसुद्धा नाही, नखाच्या कडेएवढं.

मावशींनी फोटो हातात घेतला. कित्येक दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर ती जुनी, बारशातली नजर आली. एकेका काडीवरून बोट फिरवत त्यांनी विचारलं, "ह्यातली आईकडची कोन आन् बापाकडची कोन?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या की ते बघून सांगता येत नाही. "मग ह्यो तुकडा कुनाकडनं ऱ्हायला?"

"कुणाकडूनच नाही. आईबापांचं रक्त चांगलं आहे. मूल घडताना कधी कधी असं तुटतं, आपलं आपणच. यात कुणाचाही दोष नाही. पुढच्या बाळाला भीती फारशी नाही. कुणाच्याही घरी असते तेवढीच."

मावशी काकीला म्हणाल्या, "ऐकलं?" काकीनं ऐकलं होतं. तिला वाईट वाटलं असावं, कारण परतताना गाडीत चंदाला तिनं मांडीवर घेतलं, आणि चंदानं तिचा त्याच दिवशी केलेला नवा चष्मा ओढून वाकडा केला तरी काही बोलली नाही.

दुसरी मुलगी झाली, ठणठणीत. बारशाला बायकांनी सवयीनं बाळ मावशींच्या मांडीवर दिलं आणि सगळ्या गप्प झाल्या. बाळ हुबेहूब दाजींसारखं होतं, आंधळ्यालाही कळलं असतं. मावशींनी बाळाकडं बघितलं, आणि पाळण्यात ठेवलं. "लेकरू लेकरासारखं दिसतंय," म्हणाल्या, आणि चंदाला दूध पाजायची वेळ झाली म्हणून उठून गेल्या.

चंदा पाच वर्षांची झाली तेव्हा चालली. त्याआधी वर्षभर मावशी रोज तिला अंगठा धरायला देऊन गोठ्यापासून परसातल्या हापशापर्यंत न्यायच्या. पडली की उचलायच्या, आणि म्हशींना सांगायच्या, "बघू नका, ती लाजती." चालायला लागल्यावर आम्ही तिला डॉक्टरीणबाईंना दाखवायला नेलं. त्यांनी टाळ्या वाजवल्या. आणि मग एकदम त्यांच्या कपाळाला आठी पडली. चंदा उजव्या अंगाला कलून चालत होती. खुब्यात काही असेल म्हणून फोटो काढला. खुबा स्वच्छ. पाय सारखे. पुन्हा चालवून बघितलं, पुन्हा कललीच. या आजारात असं मी वाचलेलं नाही, त्या म्हणाल्या. मावशी छताकडं बघत होत्या. शेवटी डॉक्टरीणबाई म्हणाल्या की पुढच्या महिन्यात बघू, आणि आम्ही निघालो. लांबलचक व्हरांडा होता. मावशींनी अंगठा पुढं केला, चंदानं धरला, आणि दोघी चालू लागल्या. एक मोठी, एक छोटी, दोघी एकाच अंगाला, एकाच ठेक्यात. मागून डॉक्टरीणबाईंच्या हसण्याचा आवाज आला. इतक्या हळू बोलणारी बाई एवढ्या मोठ्यानं हसते हे मला माहीत नव्हतं. मावशी वळल्या.

"बाई," त्या म्हणाल्या, "ह्ये मात्र खोडू नका."

मावशींना जाऊन आता दोन वर्षं होतील. शेवटी शेवटी त्या फार थकल्या होत्या. बाजेवर पडल्या पडल्या भोंगा झाला की चंदाला हाक मारायच्या आणि दोघी एका ताटात जेवायच्या. आता चंदा एकटी जेवायला बसते, पण भोंगा झाल्यावरच. घरात घड्याळ आलंय. ती त्याच्याकडं बघत नाही. टपालवाला दिवाळीला अजून येतो. डॉक्टरीणबाई म्हणतात की थोडी मेहनत घेतली तर चंदाची चाल सरळ करता येईल. आम्ही घेतलेली नाही.

आक्का त्याच घरात आहे. धाकटी शाळेत जाते. चंदा दहा-अकरा वर्षांची आहे, तिला थोडेच शब्द येतात, त्यातला एक आजी आहे. ती स्वतःच्या हातानं जेवते, आणि गोठ्यापासून हापशापर्यंत कुणाचा हात न धरता एकटी चालत जाते, आणि एकटी परत येते.